नागपूरचा उन्हाळा, देस रागात

एका सेकंदाला एक दिवस धरला तर नागपूरचं अख्खं वर्ष पेटीवर सहा मिनिटं पाच सेकंदांत वाजून होतं. मी ते वाजवलंय. रोजच्या कमाल तापमानाला देस रागातले स्वर दिले, आठवड्याला रूपक तालाचं एक आवर्तन दिलं, आणि लय सासूबाईंच्या दुधाच्या हिशोबातून काढली. ऐकणारे पहिल्यांदा विचारतात, "मग हे तू केलंस की कॉम्प्युटरने?" मग जरा थांबून, "पण कशाला?" दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही. पहिल्याला आहे, पण ते लांबलचक आहे.

मी ज्युनियर कॉलेजला संख्याशास्त्र शिकवते. गाणं विशारदपर्यंत केलं, पुढे संसारात राहून गेलं. पेटी मात्र घरात आहे आणि रोज उघडली जाते. पेपरातला कमाल-किमानचा छोटा चौकोन मी वर्षभर एक्सेलमध्ये भरत होते, तो मुळात मुलांना सरासरी आणि प्रमाण विचलन शिकवायला. पुस्तकातली उदाहरणं कारखान्यातल्या बल्बांच्या आयुष्याची असतात. नागपूरच्या पोरांना तापमानाचा आकडा दिला की वर्ग जागा होतो. मे महिन्यातलं प्रत्येकाचं काहीतरी म्हणणं असतंच.

त्या आकड्यांचा आलेख काढला तेव्हा त्यात आरोह दिसला. जानेवारीत अठ्ठावीसच्या आसपास, मग मार्च, एप्रिल करत मेअखेर नवतप्याच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत पंचेचाळीसच्या घरात. जूनमध्ये पाऊस आला की धाडकन खाली. जुलै-ऑगस्ट तीस-एकतीसला घुटमळणं, ऑक्टोबरात छोटासा उंचवटा, आणि डिसेंबरपर्यंत हळूहळू उतार. चढायला पाच महिने, उतरायला एक पाऊस. असा आकार कुठल्याही गाणाऱ्या माणसाला स्वस्थ बसू देणार नाही.

आता नियम. चोवीस अंश म्हणजे मंद्र सा. पुढे प्रत्येक अंशाला एक पायरी: पंचवीस रे, सव्वीस ग, असं करत एकतीसला मध्य सा, अडतीसला तार सा, पंचेचाळीसला अतितार सा. सात अंशांचं एक सप्तक. चोवीसच का, तर पेटीमुळे. बेचाळीस पट्ट्यांची, साडेतीन सप्तकांची पेटी घेतली आणि सगळ्यात खालच्या पांढऱ्या पट्टीला सा धरला, तर सगळ्यात वरची पट्टी येते म. माझ्या हिशोबात तो अठ्ठेचाळीस अंश. नागपूरचा विक्रम २०१३ च्या मे महिन्यातला, ४७.९. म्हणजे या शहराचं ऊन पेटीच्या शेवटच्या पट्टीपर्यंत जातं आणि तिथे पेटी संपते. हे जुळलं तेव्हा मी एकटीच हसले, कारण घरात कोणाला सांगून उपयोग नव्हता.

नुसती अशी शिडी लावली तर मात्र राग होत नाही, हे आपल्याकडे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. देसच्या आरोहात, म्हणजे चढताना, ग आणि ध (गंधार आणि धैवत) नाहीत: सा रे म प नी सां. निषाद, म्हणजे नी, चढताना शुद्ध, उतरताना कोमल, जरा खालचा. आकड्यांचं संगीत करायचे पाश्चात्त्य पद्धतीचे जे नमुने मी ऐकले त्यात बहुतेकदा आकडा मोठा तर स्वर वरचा, एवढ्यावर भागतं. आपल्याला भागत नाही. आपल्याकडे स्वर कुठला यापेक्षा तुम्ही तिथे कुठून आलात हे महत्त्वाचं.

आणि हवामानाला नेमकं तेच विचारता येतं: आज कालच्यापेक्षा तापलं की निवलं? तापलं तर आरोहाचा नियम, निवलं तर अवरोहाचा. चढत्या दिवशी सव्वीस अंश आले तर गंधार घ्यायचा नाही, पुढच्या मध्यमावर जायचं. चढत्या दिवशी एकोणतीस आले तर धैवत सोडून शुद्ध निषाद. तीस अंश चढताना आला तर शुद्ध नी, उतरताना आला तर कोमल. काल होतं तेवढंच आज असेल तर कालचा स्वर तसाच धरून ठेवायचा.

याची खरी मजा पावसाळ्यात येते. जुलै-ऑगस्टचे दिवस तीस-एकतीसभोवती फिरतात, म्हणजे माझ्या शिडीवर निषाद आणि षड्ज. एकतीसवरून तीसला आलं की सा, कोमल नी. एकोणतीसवरून तीसला चढलं की शुद्ध नी, दुसऱ्या दिवशी सा. दोन्ही निषाद आलटून पालटून, आठवडेच्या आठवडे. देस हा एरवीही पावसाशी जोडलेला राग. आता कोणी म्हणेल, निसर्गच देस गातो. तसलं काही नाही. चोवीसच्या जागी पंचवीसला सा धरला असता तर पावसाळा कोमल निषाद-धैवतावर जाऊन बसला असता आणि मी त्याचंही कौतुक केलं असतं. सा कुठे ठेवायचा हे मी ठरवलं.

म्हणून त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: गाणं नियमात आहे, आणि नियम माझे आहेत. कॉम्प्युटर फक्त हमाली करतो.

हा प्रकार काही कॉम्प्युटरबरोबर आलेला नाही. १०२६ च्या सुमारास इटलीतल्या ग्वीदो नावाच्या साधूने आपल्या ग्रंथात एक युक्ती दिली: प्रार्थनेच्या ओळीतले स्वरवर्ण घ्या, अ, ए, इ, ओ, उ, प्रत्येकाला सुरांच्या पट्टीवर एक जागा द्या, आणि ओळ वाचत जा, चाल तयार. पण लगेच त्याच्या लक्षात आलं की पाच स्वरवर्णांना पाचच सूर दिले तर हात बांधले जातात. मग त्याने दुसरी ओळ जोडली, म्हणजे एका वर्णाला दोन-तीन सुरांमधून निवड करता येईल. हजार वर्षांपूर्वीसुद्धा माणसाने यंत्र बनवलं आणि स्वतःसाठी खिडकी ठेवली.

अठराव्या शतकात युरोपात फाशांचे खेळ निघाले. त्यातला सगळ्यात गाजलेला मोझार्टच्या मृत्यूनंतर त्याच्या नावावर छापला गेला. दोन फासे टाकायचे, बेरीज दोन ते बारा, म्हणजे अकरा शक्यता, आणि वॉल्ट्झच्या सोळा मापांपैकी प्रत्येकासाठी तक्त्यातून एक तुकडा उचलायचा. कागदावर अकराचा सोळावा घात होतो, सुमारे ४५,९४९ लाख कोटी वॉल्ट्झ. वर्गात हे सांगितलं की पोरं "बाप रे" करतात. पण कुठलेही फासे पडले तरी ते बरंच वाजतं, आणि त्याचं श्रेय फाशांना नाही. तुकडे करणाऱ्याने प्रत्येक जागेचे तुकडे एकमेकांना चालतील असेच लिहून ठेवलेत. नशिबाला तिथे फारसं काम नाही.

मला जास्त जवळचा वाटतो तो हिलर, मूळचा रसायनशास्त्रज्ञ. त्याने आणि आयझॅकसनने १९५७ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या इलियाक या संगणकाकडून चार वाद्यांची रचना करून घेतली. यंत्राने यादृच्छिक आकडे काढायचे, त्यांचे सूर करायचे आणि नियमात न बसणारे फेकून द्यायचे. चाळणीचं काम. नंतर १९७० मध्ये चार्ल्स डॉज याने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या १९६१ सालच्या नोंदींवरून संगीत केलं. त्या क्षेत्राच्या चढउताराचा निर्देशांक दर तीन तासांनी मोजतात आणि त्याच्या अठ्ठावीस पायऱ्या आहेत. सात सुरांची चार सप्तकं! असा आकडा समोर आल्यावर कोणीही तेच केलं असतं.

पण ग्वीदो सोडला तर या सगळ्यांच्या आधीचा, आणि आपल्या घरचा, तेराव्या शतकातला शार्ङ्गदेव. देवगिरीच्या यादवांकडे, सिंघण राजाच्या दरबारात तो हिशोबाच्या खात्याचा अधिकारी होता. संगीतरत्नाकर लिहिणारा माणूस दिवसा जमाखर्च बघायचा, हे वाचून मला फार बरं वाटलं. त्याने सात सुरांच्या सगळ्या मांडण्या मोजल्या: ५०४०. नुसत्या मोजल्या नाहीत. अमुक क्रमांकाची तान कुठली आणि समोरच्या तानेचा क्रमांक कुठला, हे दोन्ही काढायची रीत दिली. पहिलीला नष्ट म्हणतात, दुसरीला उद्दिष्ट. त्यासाठी खंडमेरू नावाचा आकड्यांचा तक्ता, त्यावर खडे ठेवायचे आणि बेरीज करायची. आकडा द्या, तान घ्या. आठशे वर्षांपूर्वी.

हे कळल्यापासून मला सिग्नलला उभं राहायचा त्रास होत नाही. व्हरायटी चौकात पुढच्या गाडीचा नंबर घेते आणि तान काढते. शार्ङ्गदेवाचा क्रम जरा वेगळा आहे, मी शब्दकोशाचा सोपा क्रम धरते: एक नंबर म्हणजे सा रे ग म प ध नी, आणि ५०४० म्हणजे नी ध प म ग रे सा. समजा नंबर आहे १०००. एक वजा करायचा, ९९९. त्याला ७२० ने भागलं, एक भाग गेला, म्हणजे एक सूर सोडून दुसरा: रे. उरले २७९. त्याला १२० ने भागलं, दोन गेले, उरलेल्या सुरांतला तिसरा: म. उरले ३९, चोवीसने एकदा: ग. उरले १५, सहाने दोनदा: ध. उरले तीन, दोनाने एकदा: प. उरला एक: नी, आणि शेवटी सा. रे म ग ध प नी सा. म्हणून बघा, गळ्यात बसते. एमएच ३१ ची ही गाडी कोणाची आहे माहीत नाही, पण तान चांगली आहे. ५०४० च्या पुढच्या नंबरवाल्यांना मात्र सात सुरांत जागा नाही. तेवढ्यात मागचा स्कूटीवाला ओरडतो, "ओ मॅडम, सिग्नल सुटला ना!"

गाडीचे नंबर तानेपुरते ठीक, त्यांचं गाणं होत नाही. याला कारण आहे. १९७५ मध्ये व्हॉस आणि क्लार्क या दोघांनी वाजणाऱ्या संगीताचं मोजमाप करून दाखवलं की त्यातले चढउतार पूर्ण बेभरवशाचे नसतात आणि पूर्ण चिकटलेलेही नसतात. प्रत्येक सूर चिठ्ठी टाकून काढला तर ऐकणारा दमतो. प्रत्येक सूर मागच्याला धरून एकेक पाऊल सरकला तर कंटाळतो. मधे कुठेतरी गाणं असतं. गाडीचे नंबर किंवा लॉटरीचे आकडे पहिल्या जातीचे. तापमान आजचं बरंचसं कालच्यासारखं असतं, आणि मधेच मार्चमध्ये अवकाळी येते, गारा पडतात आणि पारा सात-आठ अंश खाली येतो. म्हणून ते ऐकवतं. कुणाला आपल्या गावाचं करायचं असेल तर आधी हेच बघा: तुमच्या आकड्यांना कालची आठवण आहे का.

आता दूध.

रूपक ठरवला तो सात मात्रांमुळे. आठवडा सात दिवसांचा, रूपक सात मात्रांचा, ती ती ना, धी ना, धी ना. रूपकची गंमत अशी की समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, 'खाली', जोर नसलेली मात्रा. मी रविवार समेवर ठेवला. सुट्टीचा वार आणि खालीची सम, यावर कोणी वाद घालणार नाही. पण रोज एक मात्रा, एक सूर, असं सहा मिनिटं ऐकलं तर जीव जातो. दिवसाच्या आत काहीतरी हालायला पाहिजे होतं, आणि ते मला मनाने ठरवायचं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दाराला कालनिर्णय टांगलेलं असतं. सासूबाई त्यावर रोजचं दूध लिहितात. एक, दीड, पाहुणे असले तर दोन, आणि दूधवाला आला नाही तर फुली. त्याला आम्ही खाडा म्हणतो. वर्षाअखेर त्यांनी जुनं कालनिर्णय रद्दीत टाकायच्या आत मी ते मागून घेतलं.

"काहून गं, त्याचं काय करतेस?"

"गाणं करते, आई."

"दुधाचं?" त्या एवढंच म्हणाल्या आणि मटार सोलत राहिल्या.

नियम असा: अर्धा लिटर असेल तर मात्रेत एकच सूर, आजचा. एक लिटरला दोन, कालचा आणि आजचा. दीडला तीन, म्हणजे कालचा, मधला आणि आजचा. दोन लिटरला मधे दोन थांबे. खाड्याला विश्रांती. दूधवाला गावी गेला की गाण्यात मोकळी जागा येते, आणि ती तालात येते, कारण मात्रा मोजणं चालूच असतं.

पूर्ण वर्ष जोडून पहिल्यांदा स्पीकरवर लावलं तेव्हा सासूबाई पलीकडच्या खोलीत जपमाळ घेऊन बसल्या होत्या. पहिल्या अर्ध्यात मात्रेमात्रेला तीन सूर पळत होते. निम्म्याच्या जरा पुढे सूर विरळ झाले. तिथे त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "आता काहून रिकामं रिकामं वाजून राहिलं?" जुलैत लेक पुण्याला होस्टेलवर गेली आणि दूध दीडवरून एकवर आलं, ते तिथे ऐकू येत होतं. मी सांगितलं. "हो, मीच सांगितलं होतं त्याला, आता एकच टाक म्हणून," त्या म्हणाल्या आणि परत गेल्या.

मी स्वतःवर एक बंधन घालून घेतलंय. नियम बदलायचा अधिकार मला आहे, नोंद बदलायचा नाही. नियम बदलला तर तो अख्ख्या वर्षाला लागू. एका दिवसाचा सूर कानाला खटकतो म्हणून त्या दिवसाला हात लावायचा नाही. नाहीतर मग सरळ चालच बांधावी, आकड्यांचं नाव कशाला घ्यायचं?

पण नोंदच खोटी असली तर? २०२४ च्या मेअखेर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले. दिवसभर फोनवर तेच फिरत होतं. मग सेन्सरमध्ये दोष असल्याचं हवामान खात्याने स्पष्ट केलं. माझ्या शिडीवर छप्पन्न म्हणजे अतितारच्याही वरच्या सप्तकातला पंचम. पेटीत नाही, गळ्यात नाही, कदाचित डासांना ऐकू येत असेल. तो मी घेतला नाही, आणि यात माझ्या बंधनाचा भंग नाही. चुकीचं मोजलेलं ऊन हे ऊनच नव्हे. हवामानाचा सूर विचित्र लागला तर चालेल, यंत्राचा बिघाड गायचं कारण नाही. दोन्हींतला फरक नुसतं ऐकून कळत नाही, त्यासाठी शेजारच्या केंद्राचा आकडा बघावा लागतो. संख्याशास्त्र इथे उपयोगी पडतं.

तर हे सगळं घेऊन मी नागपूरच्या महाल भागात माझ्या गाण्याच्या सरांकडे गेले. सरांकडे मी कॉलेजात असल्यापासून जाते. ते डोळे मिटून पूर्ण वर्ष ऐकतात म्हटल्यावर मला बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखं झालं. संपल्यावर म्हणाले, "हा देस नाही गं. हा देसचा हवामान अंदाज आहे."

त्यांचा मुख्य आक्षेप न्यासाचा, म्हणजे कुठल्या सुरावर थांबायचं याचा, होता. देसमध्ये ऋषभावर, म्हणजे रे वर, थांबलं की राग समोर उभा राहतो. माझ्या आकड्यांना कुठे थांबायचं ते कळत नाही, सलग दोन-तीन दिवस सारखंच तापमान असेल तिथेच ते थांबतात. हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे. बत्तीस आणि एकोणचाळीस या रे च्या अंशांवर जास्त वेळ रेंगाळायचा नियम करता आला असता, मी करून बघितलाही. देस जास्त दिसतो, वर्ष कमी दिसतं. काढून टाकला.

दुसरं भांडण एका दिवसावरून झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्रेचाळीस होते आणि दुसऱ्या दिवशी पावसाने तेहतीस. दूध दीड लिटर. म्हणजे एका मात्रेत तार सप्तकातला ध, मग तार सा, आणि थेट मध्य सप्तकातला ग. सरांनी पेटी ओढली. "हे बघ. ध वरून असं कोणी पडतं का? असं उतर." आणि त्यांनी ध प म ग रे सां, कोमल नी, ध प म ग, अशी अकरा सुरांची तान त्याच मात्रेत सोडली. सुंदर होती, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "सर, मधल्या अंशांना नागपूर थांबलंच नव्हतं."

"नागपूर थांबलं नसेल, गाणारा थांबतो."

"मग तो गाणारा झाला, जून नाही झाला."

ते हसले, पण ऐकलं नाही. आता ती उतरती तान ते विद्यार्थ्यांना पलटा म्हणून देतात आणि तिला 'जून' म्हणतात. माझ्या फाइलीत ध, सा, ग तसेच आहेत. ज्यांना ऐकायचंय त्यांनी निरोप टाका, दोन्ही पाठवते. दुधाचा तक्ता मात्र मागू नका, सासूबाईंनी परवानगी दिलेली नाही.